तायडे सरांचं रक्त

पंचशील तायडे हा माणूस आजारी असू शकतो यावर त्याच्या शाळेत कुणाचा विश्वास बसला नसता, आणि त्याचा स्वतःचा तर नाहीच नाही. इंदूरच्या भंवरकुआंजवळच्या एका खासगी शाळेत तो खेळाचा मास्तर. पन्नाशी ओलांडली तरी पोट पाठीला टेकलेलं. पहाटे मैदानाला फेऱ्या मारायच्या आणि मग दिवसभर पोरांना पळवायचं. जाड माणसांबद्दल त्याची मतं फार कडक होती. स्टाफरूममध्ये कुणी बीपीची गोळी काढली, की हा मागून इंदुरी ढंगात म्हणायचा, "भिया, गोळी ठेव खिशात, ग्राउंडचे दोन चक्कर मार." लोक वरवर हसायचे. फुकट सल्ला देणाऱ्याला एकदा तरी सर्दी व्हावी, असं मनात म्हणणारे तिथे बरेच होते.

वडील किसन तायडे महूला फौजेत हवालदार होते. पंचशील लहान असतानाच ते गेले, पण कडक इस्त्री, ताठ कणा आणि वेळेचा धाक त्यांनी मागे ठेवला. आई मंजुळाबाई अजून धडधाकट होत्या. बायको कीर्ती पोस्टात. एकुलती एक लेक मैत्री भोपाळला बँकेत, आणि आता सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी आलेली.

लेक घरी आली आणि पंचशीलच्या अंगात बाप संचारला. तिच्या खाण्यापिण्याचं खातं त्याने स्वतःकडे घेतलं. बेटम्याला त्याने नोकरीची पहिली काही वर्षं काढली होती. तिथल्या ओळखीच्या घरचं साजूक तूप डबा भरून आणलं, आणि रोज सकाळी गरम दुधात ते दोन चमचे घालून, फेटून, तिच्यासमोर उभा राहायचा. सोबत म्हणून स्वतःही एक ग्लास प्यायचा.

"बाबा, बस ना आता. उबकाई येऊन राहिली."

"पी. दोघांचं आहे ते. ताकद कुठून येणार?"

कीर्ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, पोरगी आहे ती, पहिलवान नाही." पण तिने डिंकाचे लाडू केलेच होते, आणि तेही मैत्रीच्याच पोटात जात होते. आपल्याकडे माया मोजायची ती तुपाने. त्यात त्या बिचाऱ्यांचं तरी काय चुकलं?

एप्रिलमध्ये जयंतीच्या निमित्ताने कॉलनीतल्या विहारात रक्तदान शिबिर झालं. मध्ये बरीच वर्षं ते बंद पडलं होतं, म्हणून यंदा उत्साह दांडगा. सगळ्यात आधी पंचशील सर पलंगावर आडवे झाले. हात पुढे करून, शर्टाची बाही नीट दुमडून, फोटोला बघून हसले. पिशवी भरत गेली, गडद लाल. उठून त्यांनी जोरात "जयभीम" केला आणि बिस्किटाचा पुडा न घेता घरी चालत गेले. पिंडऱ्या दुखत होत्या, त्या हल्ली दुखतच असत. वय झालं म्हणायचं आणि गप्प बसायचं.

काही दिवसांनी ब्लड बँकेतून फोन आला. मुलगा हिंदीत बोलत होता, अगदी नम्रपणे.

"सर, आपका जो ब्लड आया था ना, वो हम किसी को लगा नहीं पाएँगे. एक बार आके मैडम से मिल लीजिए."

"लगा नहीं पाएँगे? क्यों?"

"वो मैडम ही बताएँगी, सर. आपका नाम तायडे ही है ना?"

पंचशीलने फोन कापला. कानशिलं तापली. आता इथे थांबून एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हा माणूस उगाच भडकू वाटेल.

बेटम्याला असताना एका सहकाऱ्याच्या बायकोला इंदूरला दवाखान्यात आणलं होतं, रक्त हवं होतं. पंचशीलचा गट जुळत होता. धापा टाकत पोचला. त्या बाईच्या भावाने पूर्ण नाव विचारलं, क्षणभर बघितलं आणि हात जोडले. "हो गया इंतज़ाम, मास्साब. आपने बहुत तकलीफ की." पंचशील समोरच्या टपरीवर चहा घ्यायला बसला, आणि तीच माणसं संध्याकाळपर्यंत रक्तासाठी वणवण फिरताना त्याने डोळ्यांनी पाहिली. घरी येऊन हे फक्त आईला सांगितलं. मंजुळाबाई म्हणाल्या, "जेवून घे." त्या जेवणाचा घास त्याच्या घशात अजून अडकलेला होता.

तेव्हा हा फोन आल्यावर त्याच्या मनात दुसरं काही येणारच नव्हतं. नाव विचारलं होतं ना, आणि तेही शेवटी! ज्याचं जळतं त्यालाच कळतं. घरी त्याने अवाक्षर काढलं नाही. गरोदर पोरीसमोर हे विष कशाला ओकायचं, असं म्हणून त्याने राग गिळला आणि दुसऱ्या दिवशी दुधात तूप जरा जास्तच फेटलं.

इकडे मैत्रीच्या दंडांवर आणि कोपरांवर बारीक पिवळसर दाणे उठले होते. कीर्तीने उन्हाळ्याचं घामोळं म्हणून पावडर लावली. "बाबांना पण आहे की तसंच," मैत्री म्हणाली, आणि दोघी हसल्या. रात्री जेवणानंतर तिचं पोट दुखायचं, छातीखाली, मधोमध. गॅस असेल. पंचशीलने स्वतःच्या हाताने ओवा भाजून दिला.

ब्लड बँकेचा दुसरा फोन आला तेव्हा तो मैदानात होता, आणि भोवती दोन शिक्षक उभे होते. "सर, आप आए नहीं. मैडम रोज़ पूछ रही हैं." एवढं ऐकलं मात्र, आणि त्याच्या संयमाचा बांध फुटला. गळ्यातली शिट्टी तशीच, ट्रॅकसूट तसाच, स्कूटरला किक मारली आणि तो थेट तिथे जाऊन धडकला. दारावर पाटी होती: डॉ. देवयानी पुराणिक. आडनाव वाचून त्याने मान डोलावली. बरोबर. असंच असणार.

"मॅडम, मी पंचशील तायडे. आमच्या रक्तात काय कमी आहे, ते माझ्या तोंडावर सांगा."

डॉक्टर बाई साठीच्या, चष्मा कपाळावर. त्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं.

"कमी नाही हो सर. जास्त आहे. बसा, दाखवते. तुम्हाला दाखवायला म्हणूनच तुमची पिशवी फेकायची थांबवली होती."

त्यांनी आतून दोन छोट्या पिशव्या आणून टेबलावर ठेवल्या. एकीत मधासारखं पिवळट, पारदर्शक पाणी. दुसरीत दूध. साधं, दाट, पांढरंफटक दूध, वर सायीचा थर.

"हे काय?" पंचशीलने विचारलं.

"रक्तातल्या लाल पेशी वेगळ्या काढल्या की हा भाग उरतो, प्लाझ्मा. तो असा पिवळा दिसायला हवा. आणि हा तुमचा."

पंचशील हसला. खरंच हसला, कारण दुसरं काय करायचं ते त्याला कळेना. मग त्याने पिशवी हातात घेऊन वाकडी केली. पांढरं आत संथपणे सरकलं आणि प्लॅस्टिकला आतून चिकटून राहिलं. हे त्याच्या अंगातून निघालं होतं? हे घेऊन तो रोज पळत होता? पिशवी खाली ठेवायचंही त्याला सुचेना. त्याने लेबल शोधलं. त्यावर नुसता एक नंबर होता आणि गट.

"नाव कुठे आहे?"

"नावं इथे येतच नाहीत. ही पिशवी बघून मी घाबरले आणि माणूस शोधायला लावला. मुलाने नाव विचारलं असेल, चुकीच्या माणसाला बोलावलं जाऊ नये म्हणून."

पंचशील खुर्चीत बसला. इतक्या दिवसांचा राग कुठे ठेवावा हे त्याला समजेना. तो राग खोटा नव्हता, फक्त पत्ता चुकला होता.

"पण मॅडम, मी तर पळतो. जाडा पण नाही."

"पळता म्हणून उभे आहात. ही चरबी पोटावर दिसत नाही, रक्तात तरंगते. तुमची चोवीसशे आहे, सर. दीडशेच्या आत हवी. शरीरात केसाहून बारीक नळ्या असतात. त्यातून लाल पेशी एकेक करून, अंग चोरून जातात. रक्तच असं दाट झालं की तिथे जाम लागतो, एकदम ट्रॅफिक जाम. पलीकडच्या मांसाला ऑक्सिजन पोचत नाही. पिंडऱ्या भरून येतात का? बोटांना मुंग्या?"

त्याने होय म्हणून मान हलवली. वय नव्हतं तर ते. त्याचे पाय आतून उपाशी होते.

डॉक्टर बाईंची नजर त्याच्या कोपरावर गेली. त्यांनी बोट फिरवून बघितलं.

"हे दाणे कधीपासून?"

"घामोळं आहे."

"घामोळं नाही हे. रक्तात मावेनाशी झालेली चरबी कातडीत येऊन बसलीय. बहुतेक खानदानी प्रकार दिसतो. घरात आणखी कुणाला असे दाणे आहेत?"

पंचशीलने आपल्या कोपराकडे बघितलं. डोळ्यासमोर लेकीचे पावडर लावलेले दंड आले.

"मुलीला," तो म्हणाला. "सातवा चालू आहे तिला."

बाई ताडकन उभ्या राहिल्या. "पोट दुखतं का तिचं?"

ओवा भाजतानाचा तो वास त्याच्या नाकात होता. गरोदरपणात ही चरबी आणखी चढते, असं बाई सांगत होत्या. स्वादुपिंडावर आली तर आई आणि बाळ दोघांचाही भरवसा नाही, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. त्याने तिथूनच घरी फोन लावला. कीर्ती रडत होती. "अहो, कुठे आहात? मैत्रीला उलट्या होऊन राहिल्या, कळ पाठीत जातेय म्हणते, सरळ झोपताच येत नाहीये तिला."

सकाळचं दूध तिने संपवलं होतं. तो समोर उभा होता म्हणून संपवलं होतं.

दवाखान्यात मैत्री गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर पडली होती, चेहरा राखेसारखा. ड्यूटीवरचा तरुण डॉक्टर म्हणत होता की कळा सुरू झाल्यात का ते आधी बघू. पंचशीलने त्याचा हातच धरला.

"साहेब, तिचं रक्त काढा. काढा आणि ट्यूब उभी करून ठेवा. पांढरं निघेल."

डॉक्टरला वाटलं, बापाचं डोकं फिरलं. पण पंचशीलने ब्लड बँकेला फोन लावून मोबाइल त्याच्या कानाशीच धरला, आणि पलीकडून देवयानीबाई जे बोलल्या ते ऐकताना त्या पोराचा चेहरा बदलत गेला. नर्सने रक्त काढलं. सिरिंजमध्येच ते लाल नव्हतं. गुलाबी होतं, गढूळ गुलाबी, आणि ट्यूब स्टँडवर ठेवल्यावर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वर पांढरं जमू लागलं. कीर्तीने तोंडावर पदर धरला. नर्स नुसती बघत राहिली. पाच हजारांच्या वर, असा आकडा मागून आला. तोपर्यंत आकड्याची गरज कुणाला उरली नव्हती.

मोठे डॉक्टर आले. स्वादुपिंडाला सूज होती. तिथल्या बारीक नळ्या चरबीने तुंबल्या होत्या, रक्त पोचत नव्हतं, आणि अन्न पचवायचे रस त्या अवयवालाच आतून पचवू लागले होते. हे त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं, आणि साधे शब्द ऐकायला फार भयंकर असतात. बाळ लगेच बाहेर काढावं लागेल. मग यंत्रावर तिचं सगळं पांढरं काढून दुसऱ्यांचा प्लाझ्मा चढवावा लागेल. भोपाळहून तिचा नवरा प्रशिक निघाला होता, पण वाट बघायला वेळ नव्हता. सही पंचशीलने केली.

"घरात असं पोट दुखून कुणी गेलंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

मंजुळाबाई बाकावर बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "तिचे आजोबा. माझा मालक."

किसन तायडे चाळिशीही न गाठता गेले, ते असेच पोट धरून. दवाखान्यात आधी हाच प्रश्न आला होता, की हे दारू किती पितात? मंजुळाबाई म्हणाल्या, थेंबही नाही. कुणाला पटलं नाही. फौजी माणूस, कॅन्टीन हाताशी, आणि पोटाचा हा आजार. लोकांनी ठरवून टाकलं. ज्याने दारू न पिण्याच्या शपथेसकट पाच शीलं घेतली, पोराचं नाव हौसेने पंचशील ठेवलं, तो चोरून पीत होता, असं मयतीलाच कुजबुजलं गेलं. पंचशील ते ऐकत मोठा झाला. आईसमोर त्याने कधी विषय काढला नाही. आणि खरं सांगायचं तर त्यालाही ते खरंच वाटत आलं होतं.

"आजी, दारू न पिताही हे होतं," डॉक्टर म्हणाले. "नातीलाही तेच झालंय. त्यांच्या रक्तातच होतं हे."

मंजुळाबाईंनी डॉक्टरांचं मनगट धरलं. "परत सांगा."

डॉक्टरांनी परत सांगितलं.

"याला सांगा," त्या पंचशीलकडे बोट दाखवून म्हणाल्या. "माझ्या पोराला सांगा." म्हणजे आईला सगळं ठाऊक होतं. इतकी वर्षं एका घरात राहून, एका ताटात जेवून, पोराच्या मनातलं तिने ओळखलं होतं आणि एका शब्दाने बोलून दाखवलं नव्हतं. पंचशील जाऊन तिच्या शेजारी बाकावर बसला.

मुलगी झाली. एवढीशी, काचेच्या पेटीत ठेवलेली. मैत्री यंत्राला जोडली गेली. एका नळीतून तिचं पांढरं बाहेर पडत होतं आणि दुसरीतून कुणाकुणाचं पिवळं स्वच्छ पाणी आत जात होतं. पंचशील काचेबाहेर उभा. तिला द्यायला त्याच्याकडे काही नव्हतं. त्याचं रक्त लेकीला चालणार नव्हतं. जे द्यायचं होतं ते तो आधीच देऊन बसला होता. मधल्या काही दिवसांत दोनदा डॉक्टरांनी "बघू" असं म्हटलं, आणि तो शब्द ऐकून कीर्ती दोन्ही वेळा जमिनीवर बसली.

मैत्री वाचली. ज्या दिवशी तिला उशाला टेकून बसवलं, त्या दिवशी नर्सने उकडलेली भाजी आणि बिनतुपाची खिचडी आणली. ती दोन घास खाऊन थांबली.

"बाबा, आई म्हणत होती, तुम्हीच डॉक्टरला सांगितलं रक्त बघायला. तुम्हाला कसं कळलं?"

"ब्लड बँकेतून फोन आला होता."

"त्याच दिवशी?"

खोटं बोलणं सोपं होतं. प्रशिक शेजारी उभा होता, कीर्ती होती, आई होती. पंचशीलने खाली बघितलं.

"नाही. आधी पण आला होता. मी गेलो नाही. मला वाटलं, त्यांनी नाव बघून रक्त नाकारलं."

मैत्रीने डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पुसलंही नाही.

"मग मला तरी सांगायचं ना, बाबा," ती शेवटी म्हणाली. "आपण दोघं जाऊन भांडलो असतो. मी पण आले असते तुमच्यासोबत."

तिने ओरडायला हवं होतं. ती ओरडली असती तर पंचशीलने कसंबसं सोसलं असतं. त्याने तिच्या पायावर हात ठेवला. पाय गरम होता. तेवढ्यानेच त्याला हुंदका फुटला, पोरांना रडू नको म्हणून दटावणाऱ्या त्या माणसाला, सगळ्यांसमोर.

दुपारी मैत्रीला चाकाच्या खुर्चीवरून बाळाच्या पेटीपाशी नेलं. डॉक्टरांनी बाळाचंही रक्त तपासायला सांगितलं होतं. नर्सने इवलासा हात धरला, सुई टोचली, बाळ किंचाळलं. नखाएवढ्या ट्यूबमध्ये रक्त उतरलं. मैत्रीने मान पुढे करून बघितलं.

"लाल आहे, बाबा. लालच आहे ना?"

हो म्हणावं असं त्याला किती वाटलं! विहारातल्या पलंगावर त्याचं स्वतःचंही लालच दिसलं होतं.

"आत्ता नाही कळत, बेटा," तो म्हणाला. "जरा वेळ ठेवावं लागतं."

त्याने स्टूल ओढलं, आणि दोघं त्या ट्यूबकडे बघत बसली.